तिसऱ्यांदा विचारल्यावर

नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. नुसतं समोर उभं राहून भागत नाही. यंत्रावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागायचा, की मग पुढचं वर्षभर तुम्ही हयात. ज्यांना तालुक्यापर्यंत येववत नाही त्यांच्या दारात पोस्टाचं माणूस यंत्र घेऊन जातं. चंदगडच्या डोंगरपट्टीत ते माणूस म्हणजे संघप्रिया कांबळे.

बाई अडतीस वर्षांची, अंगानं काटक, बोलायला मोजकी. मूळची कोल्हापूरची, राजारामपुरीतली. वडील लवकर गेले. आई एका दवाखान्यात आया होती, तिनंच हिला शिकवलं, नोकरीला लावलं. मायलेकी दोघीच राहायच्या. सव्वा वर्षापूर्वी आई गेली आणि संघप्रियानं चंदगडला बदली मागून घेतली. आता चंदगडला बदली झाली की लोक रद्द करून घ्यायला वशिला शोधतात. हिनं मागून घेतली म्हटल्यावर साहेबानं अर्ज दोनदा वाचला म्हणतात, चुकून तर लिहिलं नाही ना म्हणून.

महिन्यातून एकदा ती एसटीनं गडहिंग्लजवरून कोल्हापूरला जायची, राजारामपुरीतली बंद खोली उघडायची, झाडायची, आईच्या कपाटावरची धूळ पुसायची, परत कुलूप लावून संध्याकाळची गाडी धरायची. कशासाठी, ते तिला विचारू नका. तिलाही सांगता आलं नसतं. चंदगडातल्या भाड्याच्या खोलीत ती स्वयंपाक करायची, डबा भरायची आणि निम्मा डबा परत आणायची. जेवण म्हणजे हजेरीपटावर सही करावी तसं झालं होतं.

तिची एक सवय मात्र आधी सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या सवयीपायी घडलं. ती कुणाच्याही घरी पाणीसुद्धा घ्यायची नाही. कुणी "चहा टाकू?" असं विचारायच्या आत तिच्या तोंडून यायचं, "नको, आत्ताच झाला." ही आईची शिकवण. आई सांगायची, "आपण पाणी मागितलं की त्यांना भांडं ठरवावं लागतंय. ते ठरवताना त्यांचं तोंड बघायची पाळी आपल्यावर कशाला यायला पायजे? आपणच नको म्हणायचं. मान ऱ्हातो." आता दिवस पुष्कळ पालटलेत. कितीतरी घरांतले लोक तिला ओढून आत नेऊन कपबशी हातात द्यायला तयार असायचे. पण जिभेला ते कोण सांगणार? ती आपली आधीच नको म्हणून मोकळी व्हायची.

त्या मंगळवारी यादीत सात नावं होती. पोस्टमास्तर गणपतरावांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"बयाबाई, करंजमाळ. ही ऱ्हाऊ दे ताई. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून जाऊ."

"का? मिलिट्री पेन्शन आहे की तिची. नवरा फौजेत होता असं लिहिलंय."

"व्हय, पर लई आत हाय. तिथं एकच घर, काजूच्या रानात. तिकडं आपला कृष्णात पोस्टमन जायचा." गणपतरावांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "त्याची बायको गेली, तवापास्नं त्याची अन्नावरची वासनाच उडाली हुती. दोन वर्सांमागं आसाच हयातीच्या दाखल्याला गेला. गाडी फाट्यावर सापडली, त्यो काय सापडला न्हाय. गोव्याला गेला म्हणत्यात. कोण बघायला गेलंय?"

"वाटेवरच आहे. आजच उरकते," संघप्रिया म्हणाली. घरी लवकर जाऊन तरी करायचं काय होतं?

सहा म्हाताऱ्यांचं होईतो अकरा वाजून गेले. म्हाताऱ्यांची बोटं म्हणजे एक ताप असतो. जन्मभर विळा-खुरपं धरून रेषा झिजलेल्या असतात, पाच-सहादा अंगठा पुसून दाबावा तेव्हा कुठे यंत्राला दया येते. सगळीकडं सुगी चालू होती. खळ्यावर भात झोडपल्याचा आवाज, ओल्या पेंढ्याचा वास, कुत्र्यांचं भुंकणं. फाट्यावर जांभळीखाली तिनं स्कूटर लावली, खांद्याला पिशवी अडकवली आणि पायवाटेनं उतरायला लागली.

उन्हाचा कडाका नव्हता. काजूच्या झाडांतून स्वच्छ पिवळा उजेड खाली येत होता. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि तिला वाटलीही नाही. पाचेक मिनिटं चालल्यावर एवढंच लक्षात आलं की खळ्यावरचा आवाज थांबलाय. मग कळलं, पाखरंही गप्प आहेत. आणखी थोडं गेल्यावर पेंढ्याचा वासही येईनासा झाला. वाळलेल्या पानांवर पाय पडत होते, पानं मोडतही होती, पण आवाज उशीर करून येत होता. तिनं मोबाईल काढून पाहिला. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. आणि रेंज पूर्ण होती. चंदगड तालुक्यात रेंजसाठी माणसं टेकडीवर चढून हात वर करतात, आणि इथं या खोलगटात पूर्ण रेंज.

घर कौलारू, बसकं, नीटनेटकं. अंगण सारवलेलं होतं. पण सारवलेल्या अंगणाला शेणाचा वास असतो ना, तो नव्हता. पुढच्या बाजूच्या सोप्यात भिंतीकडं तोंड करून एक माणूस बसला होता. अंगात खाकी सदरा. मांडीवर हात ठेवून तो नुसता बसून होता. असेल मुलगा नाहीतर गडी, असं म्हणून तिनं हाक मारली.

"बयाबाई आजी हायत का?"

"हाय की. ये, आत ये. दारात का हुबी?"

म्हातारी आतल्या उंबऱ्याशी बसली होती. लहानखुरी, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. चेहरा असा मायेचा, की संघप्रियाला एकदम बरं वाटलं. तिनं चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं. जमीन गारही नव्हती, कोमटही नव्हती.

"पोस्टातनं आलेय आजी. दाखल्याचा अंगठा घ्यायचाय."

"घे की. पर आधी काय देऊ तुला? च्या टाकू?"

"नको नको. आत्ताच झाला."

म्हातारीनं मान डोलावली. तिला राग आला नाही, की आग्रहही केला नाही. बाहेर सोप्यातला माणूस किंचित हलल्यासारखा वाटला.

संघप्रियानं यंत्र जोडलं. बयाबाईचा अंगठा धरून काचेवर ठेवला, आणि ठेवायचा अवकाश, हिरवा दिवा लागला. सहा-सहादा दाबायची सवय असलेली संघप्रिया चकितच झाली. मग तिला जाणवलं, आपण धरलेलं बोट लाकडाच्या तुकड्यासारखं होतं. त्यात ऊब नव्हती. बोटाखाली जी एक बारीक धडधड असते, जिच्याकडं आपलं कधी लक्ष जात नाही, ती नव्हती. लक्ष गेलं ते ती नसल्यामुळं.

दाखला पुरा व्हायला शेवटी पोस्टाच्या माणसाचाही अंगठा लागतो. तिनं आपला अंगठा ठेवला. लाल दिवा. सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला. लाल. तिसऱ्यांदा दाबून धरला, नखाखाली पांढरं पडेपर्यंत. लाल.

"वळकत न्हाय व्हय?" म्हातारी हळूच म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्याला म्हाईत आसतंय, कोण किती जित्तं हाय ते."

"असं कसं... सकाळपासनं तर चालतंय."

"चालतंय की. तूबी चालतीस, जेवतीस, निजतीस. चालायला काय लागतंय?" बयाबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "दमलीस पोरी. पेज देऊ? वाटीभर पेज घे."

संघप्रियाचं लक्ष चुलीकडं गेलं. चूल लख्ख होती. लाकडं रचलेली होती, पण कधी पेटलीच नसावीत अशी. राख नाही, काजळी नाही. मडकं कोरडं. या घरात कसलाच वास नव्हता. धुराचा नाही, मिठा-मिरचीचा नाही, माणसाचाही नाही.

"नको आजी... जेवून आलेय," ती म्हणाली. खरं तर तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पण शब्द आपोआप आले.

"बरं."

मग म्हातारी सोप्याकडं हनुवटी करून म्हणाली, "कृष्णातबी आसंच म्हणला हुता. जेवून आलोय म्हणला. हितं तीनदा इच्यारायची रीत हाय पोरी. तीनदा नको म्हणलं की माणूस पावणा ऱ्हात न्हाय... घरचा हुतो."

सोप्यातल्या माणसाच्या खाकी सदऱ्यावर, खांद्यापाशी, पिशवीच्या पट्ट्याचा जुना ओरखडा होता. संघप्रियाच्या सदऱ्यावर होता तसाच, त्याच खांद्यावर.

तिला उठायचं होतं. पाय हलले नाहीत. कुणी धरले नव्हते; उठावं असं पायांना वाटतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, भीतीच्या तळाशी तिला एक वेगळाच मोह पडला होता. उठून जायचं कुठं? संध्याकाळी कुलूप काढायचं, ट्यूब लावायची, एक ताट मांडायचं. उशीर झाला तर "का गं उशीर?" असं विचारणारं कुणी नाही. इथं निदान म्हातारी होती, मायेनं बघणारी. इथं भांडं ठरवायचा प्रश्न नव्हता. इथं कुणाला कशाचीच गरज नव्हती. सव्वा वर्ष ती हेच तर घर शोधत होती.

"मग..." बयाबाई पुढं सरकली. आवाज अगदी खाली आला. "काय देऊ तुला पोरी? च्या, पेज, पानी... काय पायजे का?"

बाहेर कृष्णातनं मान वळवली नाही, पण तो ऐकत होता.

संघप्रियाचे ओठ उघडले. जीभ टाळूला लागली. 'न' अर्धा झालाच होता. अडतीस वर्षांचा सराव, तो काय असा तसा थांबतो?

तेवढ्यात तिला वास आला.

तिच्याच पिशवीतून येत होता. सकाळी तिनं ठेचा कुटला होता. हिरवी मिरची, लसूण, मूठभर शेंगदाणे. लसूण जरा करपला होता म्हणून तिनं स्वतःला शिवीही घातली होती. डब्याचं झाकण सैल होतं. बाकी सगळ्या घरात काहीच नव्हतं, म्हणून तो करपलेल्या लसणाचा वास सरळ तिच्या टाळूत शिरला. तोंडाला पाणी सुटलं. आणि पोट गुरगुरलं. इतक्या मोठ्यानं, की एरवी चारचौघांत ती लाजेनं मेली असती.

"मला..." तिनं पिशवी पोटाशी धरली. "मला भूक लागलीय."

कुणाच्याही घरात, आयुष्यात पहिल्यांदा, ती असं बोलली होती. बोलली आणि रडायला लागली.

बयाबाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर परवडला असता. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, पाहुणा मुक्कामाला राहील म्हणून गादी घालावी आणि त्यानं चप्पल शोधावी, तेव्हा उतरतो तसा.

"मंग जा," ती म्हणाली. "भुकेल्याला द्यायला हितं काय न्हाय."

पायांत जीव आला. संघप्रिया उठली. तोच म्हातारीनं तिच्या पिशवीचं टोक धरलं.

"जायच्या आधी एक घास खा. माझ्याम्होरं खा. आन् सांग मला... कसा लागतो त्ये."

पळून जाता आलं असतं. पण त्या आवाजात जी अधाशी गरिबी होती तिच्यापुढं तिला पळता येईना. तिनं डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, कांद्याची फोड. तिनं घास तोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. बयाबाई तिच्या तोंडाकडं डोळे लावून बसली.

"सांग."

"तिखट आहे."

"आनी?"

"लसूण... करपलाय थोडा. कडवट लागतोय. भाकरी गार झालीय. पण चावली की गोड लागते. लगेच नाही, जरा वेळानं. मीठ खड्याचं आहे, ते मध्येच लागतं. नाक वाहतंय माझं..."

"आनी? घशातनं जाताना?"

"कळतंय जाताना. छातीपाशी... आणि मग पोटात ऊन लागतं."

ती सांगत गेली. घास घेत गेली. कानशिलं तापली, मानेवर घाम आला, काळीज धडाधडा उडत होतं आणि त्या धडधडीचासुद्धा तिला आनंद झाला. एवढंच तर होतं सगळं. जीभ भाजते, नाक वाहतं, पोटात ऊन लागतं. याला कारण लागत नाही, याच्यासाठी कुणी वाट बघत असावं लागत नाही. हे रोज तिच्या पिशवीत होतं आणि रोज ती ते निम्मं परत आणत होती! तिला आईचा भयंकर राग आला आणि तितकीच भयंकर आठवण आली. मान राखायला शिकवलंस गं आई, भूक सांगायला नाही शिकवलंस.

"मीबी आसंच म्हणायची," बयाबाई पुटपुटली. "जित्ती हुती तवा. सुनंला तरास नको, शेजारणीला तरास नको. मला काय नको, मला काय नको. नको म्हणता म्हणता कवा सपलं... कळलंच न्हाय गं."

संघप्रिया सोप्यात आली. कृष्णात तसाच भिंतीकडं तोंड करून बसला होता. तिनं उरलेली भाकरी त्याच्यासमोर धरली. त्याचा हात वर आला. अर्ध्यावर थांबला. परत मांडीवर गेला.

"मी नको म्हणून बसलोय," तो म्हणाला. आवाज फार दिवस न वापरलेला.

ती अंगणात उतरली तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, "ठेच्यात... तीळ घातल्यात?"

"न्हाय. शेंगदाणे."

"शेंगदाणे..." तो म्हणाला. तो शब्दच चघळून बघत असल्यासारखा.

ती पळाली नाही. पळायला भ्यायली. चढाच्या मध्यावर पहिल्यांदा पेंढ्याचा वास आला, मग खळ्यावरचा आवाज, मग कुठल्यातरी कुत्र्याचं भुंकणं. जांभळीखाली बसून तिनं उरलेला डबा चाटूनपुसून खाल्ला आणि हात धुवायलाही पाणी नव्हतं म्हणून तसाच सदऱ्याला पुसला.

चारच्या सुमाराला ती पोस्टात पोहोचली. गणपतराव चहा मागवत होते. रोजच्या रीतीप्रमाणे नुसतं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही न्हाईच घेणार ताई?"

"घेणार. साखर जरा जास्त सांगा."

गणपतरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. चहा आला. तिनं दोन्ही हातांत पेला धरला आणि पोळतोय म्हणून तक्रार न करता तो धरून ठेवला. तोवर ते संगणकावर दिवसाची नोंद तपासत होते.

"सातही झालं की," ते म्हणाले. "बयाबाईचंबी झालं."

"तिचं नाही झालं. माझा अंगठाच घेतला नाही यंत्रानं. तीनदा दाबला."

"झालंय म्हणतो न्हवं? ही बघा की येळ, बारा वाजून..." आणि ते तिथंच थांबले.

ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. दाखला पुरा होता. खाली पोस्टाच्या माणसाच्या नावाची ओळ होती. तिथं तिचं नाव नव्हतं. कृष्णात असं नाव होतं.

"त्याचा नोकरीचा नंबर तर आमी कवाच बंद केलाय," गणपतराव म्हणाले. मग त्यांनी कुणाला काही न विचारता संगणक बंद केला, आणि त्या दिवशी पोस्ट अर्धा तास लवकर मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघप्रियानं पाच भाकरी केल्या. दोन आपल्या, तीन त्यांच्या. खाली कोण किती खातं, काय माहीत? ठेच्यात या वेळी तीळ घातले. पांढऱ्या धुतल्या फडक्यात तीन भाकरी बांधून जांभळीखालच्या दगडावर ठेवल्या. पायवाटेवर पाऊल टाकलं नाही. कामाला निघून गेली.

गुरुवारी ती परत फाट्यावर आली. भाकरी नव्हत्या. ते कुत्र्यानंही नेलं असतं, म्हणून तिनं त्याचं काही मानलं नाही. पण फडकं घडी करून दगडाखाली नीट ठेवलेलं होतं. तिनं ते उलगडलं. कोपऱ्यात, मनीऑर्डर पोचल्याच्या कागदावर पूर्वी असायचे तसे, जांभळ्या शाईत अंगठ्यांचे ठसे उठवले होते.

एक झिजलेला, रेषा पुसट. एक मोठा, पुरुषी. आणि त्यांच्या बाजूला तिसरा, बाईचा, ठसठशीत. त्याची शाई अजून ओली होती.

तिसऱ्यावर आपला अंगठा ठेवून बघायचं एकदा तिच्या मनात आलं. तिनं बघितलं नाही. अंगठा आत घेऊन मूठ घट्ट आवळली, काजूच्या रानाकडं तोंड केलं, आणि तिथल्या झाडाझाडाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "मला भूक लागलीय!"